दहा टक्के फ्लॅट की चौदा टक्के रिड्यूसिंग?

ताई, म्हापशाच्या दुकानात डीप फ्रीझरसाठी तुम्हाला दोन वर्षांकरता एक लाख हवेत. फायनान्सवाला १० टक्के फ्लॅट सांगतो, बँक १४ टक्के रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. दहा घेऊ की चौदा, असं विचारलंत. चौदा घ्या. फोंड्यात दुकानदारांच्या वह्या लिहून मी पोट भरलं, आणि तरीही माझी पहिली स्कूटर असल्याच फ्लॅटवर घेतली. घरात अजून चिडवतात.

फ्लॅटमध्ये लाखावर दोन वर्षांचं व्याज २०,०००. एकूण १,२०,००० भागिले २४, हप्ता ५,०००. तोंडी हिशेब जमतो म्हणून खराही वाटतो. पण तुम्ही पहिल्या महिन्यापासून मुद्दल फेडताय आणि व्याज शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर लागतंय.

याचा खरा दर काढायला कोरं पान घ्या. दर महिना दीड टक्का, म्हणजे वर्षाला १८ धरा. पहिला हप्ता: व्याज १,५००, मुद्दल ३,५००, बाकी ९६,५००. दुसरा: व्याज १,४४७.५०, मुद्दल ३,५५२.५०. असं उतरत या. बाराव्या हप्त्यानंतर बाकी ५४,३५६ च्या आसपास येईल. चोविसावा हप्ता भरल्यावर कर्ज फिटून वर साधारण २१७ रुपये जादा गेलेले दिसतील. म्हणजे त्यांचे 'दहा' हे खरे अठराच्याही किंचित वर. त्यात २,००० फी आधीच कापून हातात ९८,००० टेकवले, तर वीस ओलांडले! (एक्सेलमध्ये 'रेट' सूत्राला २४, उणे ५,००० आणि १,००,००० द्या. आकडा महिन्याचा येतो, त्याला १२ ने गुणा.)

बँकेच्या चौदाचा हप्ता ४,८०१ रुपये, दोन वर्षांचं व्याज सुमारे १५,२३०. पावणेपाच हजार वाचले. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या अशा नव्या कर्जांना बँक आणि एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) दोघांनाही की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावाच लागतो. त्यातला 'एपीआर' वाचा, फी धरून खरा दर तोच.

दुसरं, तुम्ही अख्खा हप्ता खर्चात लिहिणार म्हणालात. तसं नको. खर्च फक्त व्याजाचा. मुद्दलाने देणं कमी होतं. फ्रीझर मालमत्तेत दाखवा, त्याचा घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी किंमत, वेगळा. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजाराला गल्ल्यातून काढाल ती उचल, म्हणजे घरासाठी काढलेले पैसे, धंद्याचा खर्च नव्हे. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं सामान 'दुकान खर्च' म्हणून लिहिलेल्या वह्या मी कितीतरी पाहिल्यात.

राहता राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर थंड पेयं फारशी खपत नाहीत, चवथही त्यातच, आणि हप्ता काही थांबत नाही. चार हप्त्यांचे १९,२०४ रुपये एप्रिल-मेच्या विक्रीतूनच वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. ते खातं यूपीआयला जोडू नका.