सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या ताईंसाठी

प्रश्न : माझं वय 47, वजन 76 किलो, उंची पाच फूट एक इंच. आमचं सहा माणसांचं घर आहे. रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आली. गोळी दिलेली नाही, पण डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. पुण्याच्या भाचीनं यादी पाठवली : ओट्स, किनोआ, चिया, ब्राऊन ब्रेड, ग्रीन टी. यातलं निम्मं इथे मिळत नाही, मिळतं ते परवडत नाही. भाकरी बंद करू का? सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते. दुपारी अडीच भाकरी, कालवण, शेंगाचटणी. रात्री दोन भाकरी आणि उरलेला भात. सकाळी चहाबरोबर शिळी भाकरी नाहीतर बिस्किटं. महिन्याला पाच लिटरचे दोन कॅन तेल लागतं. तसं मी काही जास्त खात नाही, मग वजन का वाढतं?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : ताई, भाकरी बंद करू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये काढलेल्या तक्त्यांत ज्वारीच्या 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम चोथा दिलाय. ओट्समध्येही जवळपास तेवढाच असतो. भाचीनं मायेनं यादी पाठवली, पण तुमच्या कणगीत आहे ते विकत आणायची गरज नाही.

तुमच्या पत्रात मला अडलं ते एक वाक्य : ‘सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते.’ त्या वेळी कढईत काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. वांग्याच्या फोडी, मटकीचे दाणे ताटांतून गेलेले. तळाशी रस्सा आणि त्यावर तेलाचा तवंग. मग त्यात भाकरी चुरायची, वर चटणी घ्यायची, आणि वाटीभर भात टाकवत नाही म्हणून तोही संपवायचा. म्हणजे घरात भाजी शिजते, उसळ शिजते, आणि तुमच्या पोटात जातं ते धान्य आणि तेल. तुम्ही जास्त खात नाही हे खरंच आहे. पण पोट भरलेलं ठेवणारा भाग, म्हणजे प्रथिनं आणि भाजी, तुमच्यापर्यंत पोचतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं हेच दुखणं असतं आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण यात त्यांची काहीच चूक नसते.

म्हणून पहिलं काम : गॅस बंद केला की, कुणाचंही ताट वाढायच्या आधी, तुमच्यासाठी दोन वाट्या बाजूला काढून झाकून ठेवायच्या. एक उसळीची किंवा घट्ट वरणाची, दुसरी पालेभाजीची नाहीतर दोडका, दुधी, गवार यातल्या कशाची. सासूबाई काही म्हणाल्या तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. ते खोटंही नाही. एवढं झालं की दुपारी दीड आणि रात्री एक भाकरी पुरते. साठेक ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे 200 उष्मांक असतात, म्हणजे रोजचे चारशे इथेच कमी होतात. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाका, पण त्यात भाताइतकाच कांदा, मटार किंवा कोबी घाला आणि घरातल्या सगळ्यांना द्या. तो एकट्या तुमच्या वाट्याला नको.

शेंगाचटणी सोडा असं सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला मी सांगणार नाही. शेंगदाणे पौष्टिकच आहेत, पण वजनाच्या जवळजवळ निम्मं त्यात तेल असतं. कुटताना मुसळाला चिकटतं ते तेच. चटणी चमच्यानं मोजून घ्या, ताटात एक चमचा, आणि वरून तेल सोडू नका. दही कालवा. कालवणात दाण्याचं कूट असेल त्या दिवशी चटणी नको.

तेलाचा हिशेब तर तुम्हीच लिहून दिलाय. बैठं काम असलेल्या माणसाला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम तेल पुरतं. सहा माणसांचे महिन्याचे होतात साडेचार किलो, म्हणजे पाच लिटरचा एकच कॅन. तुमच्याकडे दोन लागतात. एका ग्रॅम तेलात 9 उष्मांक, त्यामुळे हा दुसरा कॅन सगळ्या घराच्या अंगावर चढतोय. एकदम नका तोडू, घरात कुरकुर होईल. आधी फोडणी बरणीतून ओतायची सोडून पळीनं मोजून घाला. कट वेगळा काढायची सवय असेल तर तुमच्या वाटीत तो घेऊ नका.

सकाळची शिळी भाकरी चालेल, फक्त ती चहात बुडवण्याऐवजी ताकात कुस्करा, सोबत कांदा, मुळा, काकडी. बिस्किटं मात्र घरात आणूच नका. त्यांत मैदा, साखर आणि तेल याशिवाय फारसं काही नसतं आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. संध्याकाळी पाचला पोटात खड्डा पडतो तेव्हा भिजवलेले हरभरे उकडून, लिंबू पिळून वाटीभर खा. थंडीत हुलग्याचं माडगं करा, तूप अर्धा चमचा पुरे. अंडं खात असाल तर रोज एक. त्यातून 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर एकदा करून घ्या. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर उत्तम चाललंय असं समजा. शिवाय कमरेला टेप लावा : बायकांसाठी मर्यादा 80 सेंटीमीटरची. वजनाचा काटा हलत नसला तरी टेप आधी हलते, असं अनेकदा दिसतं.

प्रश्न : साखर सोडून गुळाचा चहा घेतोय. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू. पोट तसंच आहे. काय चुकतंय?
– निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : गूळ आणि साखर यांत उष्मांकांचा फरक नगण्य आहे, आणि गूळ म्हणून चमचाभर जास्तच पडतो. मधही साखरच. कोमट पाण्यानं चरबी वितळत नाही. पाणी नुसतं प्यायलात तरी चालेल. चहातला गोडवा आठवड्याला थोडा थोडा कमी करत अर्ध्या चमच्यावर आणा.

तुमच्या ताटाबद्दल पत्रात एक ओळही नाही, आणि खरं उत्तर तिथे आहे. भात किती, आमटीत नारळाचं वाटण किती, मासळी तळलेली की कालवणातली, कुळथाची पिठी आठवड्यातून कितीदा, रात्रीचं जेवण किती वाजता : हे आठवडाभर वहीत उतरवून पाठवा, पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.