नदीखोऱ्यावरील हवामान बदलाच्या परिणामांवर संशोधन करायचे असल्यास कोणते मॉडेल शिकावे?

तुम्ही एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यावर काम करू इच्छिता आणि विचारता की स्वॉट शिकावे की व्हीआयसी (दोन्ही पावसावरून नदीतील प्रवाह काढणारी संगणकीय मॉडेल), तसेच प्रवाहाच्या जुन्या नोंदींतील ‘चुकीच्या’ किमती काढून टाकण्याची सोपी पद्धत कोणती. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देते. दुसरा भाग वाचला म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

पिके, माती, सिंचन आणि लहान-मध्यम पाणलोट हा तुमचा विषय असेल तर स्वॉट शिका. मोठे खोरे चौकटींत विभागून जमीन आणि वातावरण यांच्यातील ऊर्जेचा व पाण्याचा हिशेब मांडायचा असेल तर व्हीआयसी घ्या. पुराचे पाणी कोणत्या वस्तीत किती फूट चढेल हे सांगायचे असेल तर या दोन्हींवर भागणार नाही, नदीतील पाण्याची पातळी काढणारे हेक-रास लागेल. यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर मेहनती विद्यार्थ्याला एका सत्रात येते आणि त्यावरून संशोधनाची प्रत ठरत नाही.

आता नोंदींविषयी. माझे वडील वारणेवरील एका सरितामापन केंद्रावर गेज रीडर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. पावसाळ्यात दर तासाला नदीकाठच्या मोजपट्टीवरील पातळी वाचायची, ती वहीत लिहायची आणि ठरलेल्या वेळी वायरलेसवर कळवायची, हे काम त्यांनी २६ पावसाळे केले. वही शाईने न लिहिता ते पेन्सिलीने लिहीत, कारण भिजलेल्या कागदावर शाई पसरते आणि पेन्सिल टिकते. मोजपट्टीचे खांब काठाच्या उतारावर पायरीपायरीने रोवलेले असतात. पाणी चढत गेले की खालचा खांब सोडून वरचा वाचायचा.

जुलै २००५ च्या अखेरीस शेवटचा खांबही बुडाला. गावात वीज नव्हती आणि वायरलेस बंद पडला होता. अण्णा कंदील घेऊन देवळाच्या आवारात गेले आणि पाणी जसे चढत होते तसतशी दीपमाळेच्या दगडावर छिन्नीने रेघ मारून त्यांनी प्रत्येक रेघेची वेळ वहीत लिहिली. पाणी सर्वांत वर कधी पोहोचले आणि किती वाजता उतरू लागले हे त्या रात्री त्या गावात त्यांच्याइतके नेमके कोणालाही माहीत नव्हते. पूर ओसरल्यावर अभियंत्यांनी उंची मोजण्याचे यंत्र लावून ती रेघ बेंचमार्कशी, म्हणजे ठाऊक उंचीच्या खुणेशी, जोडली, तेव्हा आधीच्या सर्व वर्षांपेक्षा फार वरची पातळी नोंदली गेली.

काही वर्षांनी मी जलविज्ञानात एम.टेक. करत असताना याच केंद्राची वार्षिक महत्तम विसर्गाची, म्हणजे दर वर्षीच्या सर्वाधिक प्रवाहाची, मालिका प्रबंधासाठी घेतली. तोंडी परीक्षेच्या आधीच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी आलेखातील २००५ च्या बिंदूवर बोट ठेवले आणि हा बिंदू काढून टाका असे सांगितले. तो बाकीच्या मालिकेपासून फार दूर होता, पुरांची शक्यता काढण्यासाठी वापरतात त्या गंबेलच्या रेषेवर बसत नव्हता आणि त्यांच्या मते अर्धशिक्षित माणसाने अंधारात दगडावर ओढलेल्या रेघेवर विज्ञान उभे राहत नाही. ती रेघ माझ्या वडिलांची आहे हे मी सांगितले नाही. मी बिंदू काढला. परिणामी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा अंदाज इतका खाली आला की माझ्या नकाशावरची लाल पूररेषा गावाच्या प्राथमिक शाळेच्या पलीकडून अलीकडे आली. प्रबंधाला उत्तम श्रेणी मिळाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५ मध्ये ती तेथे ५३ फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या गावात पाणी दीपमाळेवरील रेघेच्याही वर साडेतीन फूट चढले आणि ती शाळा छतापर्यंत बुडाली. माझ्या प्रबंधावरून कोणी पूररेषा आखली नव्हती एवढेच समाधान आहे. पण तो तज्ज्ञ आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ज्या घटनेला अपवाद ठरवून फेकून दिले होते, ती १४ वर्षांत अधिक मोठी होऊन परत आली.

म्हणून तुमच्या प्रश्नातील ‘चुकीच्या किमती’ हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. हवामान बदलाचा अभ्यास म्हणजे टोकाच्या घटना बदलत आहेत का याचाच अभ्यास होय. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा काळात मालिकेतील सर्वांत उंच बिंदू आधी पुसायचा आणि मग बदल दिसतो का म्हणून शोधायचे, याला अभ्यास म्हणता येणार नाही.

मोजणीची किंमत ज्यांना कळत नाही त्यांनी पाणीवाटपाचा इतिहास वाचावा. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने विजयवाडा येथील १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या प्रवाहमालिकेवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळेल असे, २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवले आणि त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला व ८०० आंध्र प्रदेशाला दिले. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ पासूनची ४७ वर्षांची मालिका घेतली तेव्हा त्याच विश्वासार्हतेचा आकडा २१७३ टीएमसी आला. नदी तीच, मोजण्याची वर्षे वेगळी, आणि फरक शंभर टीएमसीहून अधिक, म्हणजे जवळजवळ एका कोयना धरणाएवढा. राज्यांच्या या भांडणाच्या मुळाशी काठावर उभे राहून पातळी वाचणारी माणसे आहेत.

मॉडेलला आपण जे देतो तेही तपासा. हवामान खात्याची पाव अंशाच्या चौकटींतील दैनंदिन पावसाची माहिती १९०१ पासूनची आहे आणि ती मौल्यवान आहे, परंतु अशी एक चौकट सुमारे २५ ते २८ किलोमीटरची असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आत असलेल्या वाईला हजारही पडत नाही. कृष्णेचा उगम ज्या उतारावर आहे तो सगळा उतार चौकटीच्या सरासरीत सपाट होतो. जागतिक हवामान प्रतिमानांच्या चौकटी तर याहून कितीतरी मोठ्या असतात, त्यांना सह्याद्रीचा कडा दिसतच नाही. त्यानंतर केलेली पूर्वग्रह-दुरुस्ती, म्हणजे प्रतिमानाच्या आकड्यांतील ठरावीक चूक काढणे, ही ज्या नोंदींच्या आधारे करायची, त्या पुन्हा कोणाच्या तरी वहीतल्याच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नदीत मोजलेला प्रवाह हा नैसर्गिक प्रवाह नसतो. कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वाशिष्ठीकडे वळवण्याची मुभा लवादाने दिली आहे. ते खोऱ्यात परत येत नाही. धोम, कण्हेर, वारणा, राधानगरी ही धरणे पावसाळ्यातले पाणी अडवून उन्हाळ्यात सोडतात आणि उपसा सिंचन योजना नदीतून पाणी वर उचलतात. हे सगळे न मांडता कॅलिब्रेशन केले, म्हणजे मॉडेल नोंदींशी जुळवले, तर उसाने प्यालेले पाणी तुम्ही हवामान बदलाच्या नावावर लिहाल. मी परीक्षण केलेल्या लेखांत ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की धरणांच्या विसर्गाच्या नोंदी जोडलेल्या नसतील तर मी पुढे वाचतच नाही.

तुमच्या जागी मी असते तर पहिले सहा महिने मॉडेलला हात लावला नसता. कृष्णा द्वीपकल्पीय नदी असल्याने कुरुंदवाड, अर्जुनवाड, समडोळी, वारुंजी अशा केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांची माहिती इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर मिळते, ती उतरवून घेतली असती आणि प्रत्येक केंद्रावर एकदा तरी पावसाळ्यात जाऊन मोजपट्टी पाहिली असती. एखादी किंमत खटकली तर शेजारच्या केंद्रांच्या त्याच तासांच्या पातळ्या, वरच्या धरणाचा विसर्ग आणि पाणलोटातील पर्जन्यमापकांचे आकडे समोर ठेवा. तिन्ही त्या किमतीच्या विरोधात असतील तरच ती चूक माना.

आता जे मी आधी सांगायला हवे होते ते सांगते. त्या तज्ज्ञांच्या आक्षेपाचा एक भाग बरोबर होता. अण्णांची रेघ पाण्याची पातळी सांगते, विसर्ग सांगत नाही. एवढ्या पुरात प्रवाहाचा वेग मोजणारा करंट मीटर पाण्यात सोडता येत नाही, त्यामुळे पातळीवरून विसर्ग काढण्याचा वक्र प्रत्यक्ष मोजणीच्या पलीकडे ताणावा लागतो. शिवाय खालच्या अंगाला कृष्णेचे पाणी तुंबलेले असेल तर वारणेची पातळी वाढते, विसर्ग त्या प्रमाणात वाढत नाही. त्या बिंदूभोवती मोठी अनिश्चितता होती आणि ती दाखवणे आवश्यक होते. तसेच २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांवरून हवामान बदल सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. नदीपात्रातील अतिक्रमणे, धरणांचे परिचालन आणि एकाच वेळी अनेक उपखोऱ्यांत पडलेला पाऊस यांचा वाटा वेगळा काढावाच लागतो आणि त्यासाठी मॉडेलशिवाय दुसरे साधन नाही. मॉडेल शिकू नका असा माझ्या लिहिण्याचा अर्थ काढू नये.

पण अनिश्चितता दाखवणे वेगळे आणि बिंदू पुसणे वेगळे. तुमच्या मार्गदर्शकांनी एखाद्या महापुराची किंमत वगळायला सांगितली, तर ती धरून आणि ती वगळून अशी दोन्ही गणिते करा, दोन्ही उत्तरे त्यांच्या विश्वासमर्यादांसह, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो त्यासह, प्रबंधात छापा आणि ती नोंद कशी घेतली गेली हे एका परिच्छेदात लिहा. मी यांतले काहीही केले नाही. अण्णा २०१६ मध्ये गेले. त्यांनी माझा प्रबंध पाहिला होता आणि आलेखात २००५ कुठे आहे असे विचारले होते.