वेल्सजवळ (इंग्लंडमधल्या सॉमरसेटचं छोटं शहर, वेल्स देश नव्हे) बारा-पंधरा जणांच्या ग्रुपला पेंटबॉल खेळायला कुठे जाता येईल?

ब्रिस्टलच्या आसपासची जंगलातली मैदानं बघा. वेल्सपासून ती साधारण तासाभरात गाठता येतात. आमच्या ऑफिस ग्रुपचं बुकिंग माझ्याकडेच असतं, म्हणून सांगतो: स्वस्त तिकिटाला भुलू नका. त्यात बहुधा मास्क, गन आणि रंग भरलेल्या मोजक्याच गोळ्या येतात. खरा खर्च जादा गोळ्यांचा. बुकिंगआधी एवढं विचारा:

- १०० जादा गोळ्या कितीला?
- बाहेरचं जेवण चालतं का?

वेल्सला रेल्वे स्टेशन नाही, त्यामुळे मिनीबसच ठरवा. लहान मुलं असतील तर नेहमीच्या ०.६८ इंची गोळीऐवजी ०.५० इंची, अंगावर बसल्यावर कमी दुखणारी गोळी मिळते का तेही विचारा. (कट्टर शाकाहारींसाठी: गोळीचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थाचं असतं.)