वडिलांचं खातं मोडून पुंगनूर गाई?

चिपळूणच्या एका वाचकाला पुंगनूर या आंध्रातल्या बुटक्या जातीच्या चार गाई घ्यायच्या आहेत. एक तीन लाखांची, म्हणजे 12 लाख. विकणारा पाच वर्षं प्रत्येक कालवड एक लाखाला परत घ्यायची लेखी हमी देतोय, आणि पैसे दीड वर्षात दुप्पट होतील म्हणतोय. त्यांचा प्रश्न एवढाच की सोनं गहाण ठेवू की वडिलांचं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं खातं मोडू? शेवटी जाता जाता लिहिलंय: वडील 71 वर्षांचे, खात्यात 15 लाख, आरोग्य विमा काढलेला नाही.

गाईंचं नंतर बोलू. त्या 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 30,750 रुपये येतात, महिन्याला सव्वादहा हजार. वडिलांची औषधं त्यातूनच येत असणार. विमा नाही, म्हणजे उद्या दवाखाना लागला तर मुद्दलही तेच. या खात्यातून 12 लाख काढून तीन ठेवता येत नाहीत, ते अख्खं बंद करावं लागतं. वडिलांना विचारलंत का, हे पत्रात कुठेच नाही. पैसे त्यांचे आहेत. त्या खात्याला हात लावू नका. सोनंही घरातच राहू द्या, कारण हा व्यवहार कर्ज काढून करण्यासारखा नाही.

आता गाई. नऊ महिने गाभण, मग पुन्हा भरेपर्यंतचा काळ. चार गाईंची वर्षाला तीन वासरं धरा. निम्मे गोऱ्हे. कालवडी दीड, म्हणजे दीड लाख. चारा, पेंड, डॉक्टर मिळून गाईमागे रोजचे शंभर धरले तर वर्षाचा खर्चही दीड लाखाच्या घरात. दूध दाट असतं, पण थोडं, आणि त्यातलं वासराला पाजायचं. मग 'दीड वर्षात दुप्पट' कुठून येणार?

हमी कुणाची? विकणाऱ्याचीच. नवी गिऱ्हाइकं येतात तोवर तो कालवडी घेईल. 2012 साली तमिळनाडूत इमूपालकांचं आणि 2019 साली इस्लामपुरात कडकनाथ कोंबड्या पाळणाऱ्यांचं काय झालं, आठवा: अशाच हमीवर पैसे गुंतवले आणि ते बुडाले. 2024 च्या संक्रांतीला पंतप्रधानांच्या घरच्या पुंगनूर गाई सगळ्यांनी पाहिल्या आणि मागणी चढली. अशी मागणी उतरायला वेळ लागत नाही.

करारात गोऱ्ह्यांबद्दल एक अक्षर नाही. 2015 च्या कायद्यानंतर आपल्याकडे ते कापायला देता येत नाहीत, आणि एवढासा बैल औताला कोण जुंपणार? ते जन्मभर तुमच्या दावणीला, नाहीतर रस्त्यावर.

मला याहून जास्त लागतं ते गाईचं. चित्तूर भागातली ही जात पलमनेरच्या संशोधन केंद्राने जपली, ती कोरड्या रानात थोडक्या चाऱ्यावर दूध देणारी म्हणून. आता गिऱ्हाइकाला मांडीवर मावेल अशी हवी, म्हणून बुटक्या गाईला बुटकाच वळू, बरेचदा नात्यातला. आयर्लंडच्या डेक्स्टर गाईंत आखूड पायांचं जनुक दोन्हीकडून आलं की वासरू पोटातच मरतं. आणि जगलेलं विकलं कुठे जातं? बंगल्याच्या दिवाणखान्यात, गुळगुळीत फरशीवर, खूर फाकून घसरत उभं, कळपाविना एकटं.

इसार दिला असेल तर तो लेखी परत मागा, बुडाला तरी पुढचे पैसे देऊ नका. वडिलांसाठी या वयात मिळेल तो आरोग्य विमा याच महिन्यात विचारा. गाईची ओढच असेल तर तुमच्या दारातली कोकण कपिला आहे: लहानखुरी, कोकणच्या पावसाला सरावलेली, 2018 साली अधिकृत नोंद झालेली. एकच घ्या, घरच्या दुधापुरती, आणि तिचे पैसे स्वतःच्या बचतीतून द्या.