मास्तरला पाया पडणारं गाव खरं की हसणारं?

प्रश्न: मी गोव्यात फोंडा तालुक्यात सरकारी प्रायमरीत शिकवते. आमच्या जत्रेच्या नाटकात ह्या वर्षीपण मास्तर म्हणजे धोतर, छत्री आणि बावळटपणा, लोक पोट धरून हसले. सिनेमात उलट, सगळं गाव पाया पडतं. आणि खऱ्यात पालक रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टीचर, डबा अर्धा परत का आला’ विचारतात. लोक आमच्याशी जसं वागतात तसं कुणी लिहिलंच नाही का?

उत्तर: लिहिलंय ना टीचर, पण आपण ती गोष्ट मास्तरची म्हणून वाचतो, गावाची म्हणून नाही. ‘पिंजरा’ घ्या, व्ही. शांतारामांचा, 1972 चा. लोकांना लावण्या आठवतात आणि डॉ. श्रीराम लागूंनी केलेल्या गुरुजींची घसरण, मला त्यातलं गाव आठवतं. गुरुजी मेले समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि तेच गुरुजी जिवंत सापडतात तेव्हा कुणी ओळखत नाही, ते स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातात. म्हणजे आदर होता तो माणसाला नव्हताच. पुतळ्याचं बरं असतं, त्याला पगार नको, रजा नको.

पण जास्त खरी मला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ कादंबरी वाटते, 1955 ची. औंध संस्थानातला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो तर शाळेत पोरंच नाहीत, मग हळूहळू लोक भांडणं, कागद, अडलेली कामं सगळं त्याच्याकडेच आणायला लागतात आणि मध्येच त्याच मास्तरवर कारभाऱ्याच्या मुलीवरून संशयपण घेतात. तुमचा ग्रुप याच्याहून वेगळा काय वागतो सांगा. इलेक्शन ड्युटीनं वैतागला असाल तर रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ वाचा, साक्षरता मोहीम कागदावर चालते आणि मधल्या मध्ये मास्तर भरडतो.

नाटकात हसले तर हसू द्या हो, वर्षभर ज्याला घाबरायचं त्याला एक रात्र हसायचं, आणि गावचं नाटक बसवायला पुष्कळदा मास्तरच लागायचा. मला राग येतो तो धोतराचा! आपल्याकडे प्रायमरीत बहुतेक बायका शिकवतात, स्कूटरनं येतात-जातात, आणि स्टेजवर अजून तोच छत्रीवाला.

गोव्याची खरी गोष्ट वेगळीच आहे. 1963 नंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगाव प्रायमरी शाळा काढल्या, कितीतरी मास्तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आले, कुणाच्यातरी घरात खोली घेऊन राहिले, मुलं पुस्तक मराठीत वाचायची आणि आपसात कोंकणी बोलायची. गावानं त्यांना जेवायला कधी बोलावलं, कुणी टाळलं, बदली झाली तेव्हा कोण रडलं, ही कादंबरी मला वाचायचीय. तुमच्या बाजूला असे कुणी रिटायर्ड गुरुजी असतील तर एका रविवारी वही घेऊन जाऊन बसा. आणि लिहायला घेतलंत की अर्ध्या डब्याचा मेसेजपण घाला त्यात, पालकाचं नाव तेवढं बदला.