प्लँटमधला एक विभाग हलवणार आहेत. कामगारांना आधी सांगावं की प्रेसनोट आधी काढावी?

आधी कामगारांना. यावर वादच नको. तुम्ही लिहिलंय की कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये नवीन रुजू झालात, हेड ऑफिसने प्रेसनोटचा मसुदा मागितलाय आणि 'आतल्यांचं नंतर बघू' म्हणतायत. हेच वाक्य मी चाकणला ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो. गृहपत्रिका, नोटीस बोर्ड, साहेबांची भाषणं, सगळं माझ्याकडे. प्रेस शॉप, म्हणजे मोठ्या प्रेस मशीनवर पत्रा दाबून भाग बनवणारा विभाग, दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरलं. मी म्हटलं, तिन्ही शिफ्टच्या सुपरवायझरना आदल्या दिवशी बसवू, युनियनच्या कमिटीला सांगू, मग बाहेर. एचआर हेड म्हणाले, "लीक होईल. मेसेज आपल्या कंट्रोलमध्ये हवा." पीआर एजन्सीने मान डोलावली. बिल पास करणाऱ्यासमोर एजन्सी दुसरं काय करणार!

खरं तर लीक व्हायला काही उरलंच नव्हतं. क्रेनवाल्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं केव्हाच येऊन प्रेसची मापं घेऊन गेली होती. स्टोअर्सकडून डायच्या, म्हणजे प्रेसच्या साच्यांच्या, याद्या मागवल्या होत्या. ज्याची हयात त्या मशीनवर गेली त्याला यातून काही कळणार नाही, असं फक्त केबिनमध्ये बसून वाटू शकतं. कँटीनमध्ये तारखेवर पैजा लागल्या होत्या. लोकांना माहीत नव्हतं ते एवढंच, की माझी बदली की माझा हिशेब? घराच्या हप्त्यांचं काय? आणि याचं उत्तर कंपनीकडे तयार होतं! एकाचीही नोकरी जाणार नव्हती, सगळ्यांना असेंब्लीत, म्हणजे सुटे भाग जोडणाऱ्या विभागात, घेणार होते. ते वाक्य प्रेसनोटच्या शेवटच्या परिच्छेदात होतं आणि पेपरने नेमका तोच कापला.

पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये पेपर फिरला. त्या सकाळी प्रेस चालू झाल्याच नाहीत. दुपारी जनरल मॅनेजर स्टुलावर उभे राहून जे सांगत होते ते आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांत सांगून झालं असतं. आता तेच खरं बोलणं लोकांना घाबरून दिलेलं आश्वासन वाटलं. कमिटीने लेखी मागितलं, ओव्हरटाइम बंद केला.

आणि हेच एचआर हेड दर ट्रेनिंगला टायलेनॉल या अमेरिकेतल्या वेदनाशामक गोळीची स्लाइड दाखवायचे. 1982, शिकागो परिसर, सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूलमुळे 7 मृत्यू, जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. स्लाइडचं शीर्षक 'प्रभावी संवाद'. अहो, विश्वास परत आला तो बाटल्या उचलल्या म्हणून आणि तीन सीलचं नवं पॅकिंग आलं म्हणून. नुसत्या निवेदनाने काय होणार होतं? आपल्याकडे 2003 मध्ये कॅडबरीत अळ्या सापडल्या तेव्हा कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं होतं. पुढे पॅकिंग बदललं, अमिताभ बच्चनना जाहिरातीत आणलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आता तुमच्या मसुद्याबद्दल. कामगारांच्या नोटिशीत पहिल्याच ओळीत नोकरी आणि पगाराचं काय ते लिहा, मग तारीख, मग कुणाला विचारायचं त्याचं नाव. 'बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर' वगैरे प्रेसनोटसाठी ठेवा. नोटीस लावण्याआधी सुपरवायझरने तोंडी सांगितलेलं असावं. झूमवर तर अजिबात नको. बेटर डॉट कॉम या अमेरिकेतल्या गृहकर्ज कंपनीच्या प्रमुखांनी, विशाल गर्गनी, डिसेंबर 2021 मध्ये झूम कॉलवर सुमारे 900 जणांना काढलं, ते जगभर गाजलं.

एक राहिलं. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल आणि निर्णयाने भाव हलणार असेल, तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांमुळे एक्स्चेंजला कळवण्याआधी शॉप फ्लोअरवर जाहीर करता येणार नाही. बाजार चालू असताना बोर्डाची बैठक संपली तर अर्ध्या तासात कळवावं लागतं. पण त्याच मिनिटाला आत सांगायला कुणी हात धरलेला नाही, सुपरवायझर तयार ठेवा. आमची कंपनी नोंदलेली नव्हती, म्हणजे साहेबांना तीही सबब नव्हती. आणि माणसं कमी करणार असतील तर कायद्याच्या नोटिशी वेगळ्या असतात. ते लीगलवाल्यांना विचारा, एजन्सीला नको.