हातच्याची वजाबाकी खेळातून कशी घ्यावी, आणि खेळ वहीत का उतरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिसरीचा वर्ग, ३८ मुलं, ३५ मिनिटांची तासिका. खेळ घेतला की मुलं खूश, पण गोंधळ फार. आणि दुसऱ्या दिवशी वहीत हातच्याची वजाबाकी पुन्हा चुकते. मग खेळातून शिकवणं खरंच जमतं का, की ते फक्त प्रशिक्षणात ऐकायला बरं वाटतं?

जमतं. अट एकच, जे शिकवायचं आहे तोच खेळाचा नियम असला पाहिजे. संगीत खुर्ची खेळवून बाद झालेल्या मुलाला फळ्यावर वजाबाकी करायला लावली, तर मुलं खुर्ची पकडायला शिकतात आणि वजाबाकी तिथे शिक्षा म्हणून येते. शिवाय ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, नेमकं तेच मूल आधी बाद होऊन भिंतीला टेकून बसतं. म्हणून मुलांना बाद करणारे खेळ गणिताच्या तासाला घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांबरोबर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. खेळ साधा, एका ओळीतल्या घरांवरून सोंगटी पुढे न्यायची. काही मुलांच्या पटावर १ ते १० अंक होते, काहींच्या पटावर नुसते रंग. अंकांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज थोड्याच बैठकांत वाढली; रंगांच्या पटावर खेळलेल्यांची वाढली नाही. मजा दोघांनाही आली असणार. फरक पडला तो सोंगटी हलवताना मूल काय मोजत होतं आणि काय बोलत होतं, यामुळे. आपल्या सापशिडीलाही हेच लागू आहे. १७ वर असलेल्या मुलाला फाशावर ४ पडले की ते 'एक, दोन, तीन, चार' म्हणत पुढे जातं. त्याऐवजी 'अठरा, एकोणीस, वीस, एकवीस' म्हणायचं, एवढा एक नियम घातला की तीच सापशिडी बेरजेचा पाठ होते.

आता हातच्याकडे येते. या खेळाला 'गठ्ठा सोड' म्हणू.

प्रत्येक जोडीला दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे लागतात. तुमच्या १९ जोड्यांसाठी ७६ गठ्ठे, म्हणजे ७६० काड्या. आठ गटांत दोन-दोन जोड्या आणि एका गटात तीन, असे नऊ गट होतात. प्रत्येक गटाला दोन फासे. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या सर्वात सोयीच्या, कारण त्या घरंगळत नाहीत. खराट्याचे हीर फुकट मिळतात, पण बोटभर लांबीचे कापताना टोकाकडचा बारीक भाग टाकून द्या, तो टोचतो आणि मोडतो. चिंचोके इथे चालत नाहीत. ते मोजायला छान, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही आणि इथे सगळा खेळ गठ्ठा सुटण्याचा आहे. याच कारणाने दहा रुपयांच्या खोट्या नोटाही सुरुवातीला नकोत. नोट देऊन दहा सुटे घेताना दहा कुठून आले ते दिसत नाही. गठ्ठ्याचं रबर काढलं की त्याच काड्या सुट्या झालेल्या मुलाला दिसतात. नोटा आठवड्या-दोन आठवड्यांनी आणा.

प्रत्येक जोडीसमोर फरशीवर खडूने दोन चौकोन काढायचे, डावीकडे 'दशक', उजवीकडे 'एकक'. सुरुवातीला दशकाच्या चौकोनात चार गठ्ठे, एककाचा चौकोन रिकामा. जोडीतला एक जण काड्या हलवतो, दुसरा वहीत लिहितो, आणि प्रत्येक डावाला कामं बदलतात. दोन्ही फासे टाकायचे, जेवढे पडतील तेवढ्या काड्या डब्यात परत द्यायच्या.

समजा, ७ पडले. सुट्या काड्या नाहीत. मग एक गठ्ठा उचलून एककाच्या चौकोनात आणायचा, 'एक दशक सोडला' असं मोठ्याने म्हणायचं, रबर काढायचं आणि दहातल्या सात द्यायच्या. उरले तीन गठ्ठे, तीन सुट्या: ३३. पुढच्या डावाला ९ पडले. तीन पुरत नाहीत, पुन्हा एक गठ्ठा सोडायचा. आता दोन गठ्ठे आणि १३ सुट्या. नऊ दिल्या की २४. त्यानंतर ३ पडले तर? चार सुट्या आहेत, गठ्ठ्याला हातही लावायचा नाही. हा डाव फार मोलाचा आहे. हातचा शिकल्यावर मुलं सरसकट प्रत्येक वजाबाकीत हातचा घेऊ लागतात, त्यावरचा उपाय इथेच आहे. १०, ११ किंवा १२ पडले तर गठ्ठा न सोडता तसाच देऊन वरच्या सुट्या द्यायला मुभा ठेवा. मुलांना ते स्वतःला सुचलं तर उत्तमच.

दर डावानंतर उरलेली संख्या दोन प्रकारे म्हणायची: 'दोन गठ्ठे नऊ सुट्या, एकोणतीस.' नुसतं एकोणतीस ऐकलं की कानावर 'तीस' पडतं आणि काही मुलं हमखास ३९ लिहितात.

वहीतलं लिखाण खेळ संपल्यावर करायचं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना आठवत नाही त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं, हाताने एक घडतं आणि पेन्सिलीने दुसरंच, दोन्हींमध्ये अर्धा तास जातो. गठ्ठा डावीकडून उचलला की त्याच क्षणी लिहिणाऱ्याने दशकाचा अंक खोडून वर एक कमी लिहायचा. रबर सुटलं की एककाच्या डोक्यावर सुट्यांची नवी संख्या लिहायची, वरच्या ३३ − ९ मध्ये १३. काड्या दिल्या की खाली उत्तर. पहिले एक-दोन दिवस नुसत्या काड्या चालतील, तिसऱ्या दिवसापासून वही सोबत हवीच.

गोंधळाचं म्हणाल, तर तो बहुतेक वेळा साहित्य आधी वाटल्यामुळे होतो. हातात काड्या आल्यावर सूचना कोणी ऐकत नाही. आधी दोन मुलांना मध्ये बसवून सगळ्यांसमोर तीन डाव खेळवा, मगच डबे द्या. फासे फरशीवर टाकले की आवाज होतो आणि ते बाकाखाली जातात. घडी घातलेल्या रुमालावर टाकायला सांगा. सुटलेली रबरं डब्याच्या झाकणात ठेवायची, नाहीतर ती पुढच्या मिनिटाला कोणाच्या तरी मानेवर बसतात. मुलं 'एक दशक सोडला' म्हणतायत तो आवाज होऊ द्या, तो कामाचा आहे.

तासिकेची विभागणी साधारण अशी: ३ मिनिटं दाखवणं, १५ मिनिटं खेळ, ७ मिनिटं चर्चा, ६ मिनिटं वहीत दोन उदाहरणं, ४ मिनिटं आवराआवर. वेळ संपली की थांबायचं, शून्याच्या जास्त जवळ असलेली जोडी पुढे. आवरताना मुलांनीच दहा-दहा मोजून गठ्ठे बांधायचे आणि शेजारच्या गटाने ते तपासायचे. नऊ किंवा अकरा काड्यांचा एक गठ्ठा दुसऱ्या दिवशी अख्ख्या गटाची उत्तरं चुकवतो.

चर्चेची सात मिनिटं मात्र कापू नका. 'कधी गठ्ठा सोडावा लागला नाही?', 'गठ्ठा सोडल्यावर एकूण काड्या वाढल्या का?' असे दोनच प्रश्न पुरेत. दुसऱ्या प्रश्नाला बरीच मुलं 'हो' म्हणतात. तिथे ३३ काड्या मांडा, एक गठ्ठा सोडा आणि पुन्हा मोजायला लावा.

काही मुलं सोपं जावं म्हणून सुरुवातीलाच सगळे गठ्ठे सोडून बसतात. त्यांची उत्तरं बरोबर येतात, पण ती नुसती मोजणी असते. एका वेळी एकच गठ्ठा आणि तोही सुट्या अपुऱ्या पडल्यावरच, हा नियम पक्का ठेवा.

दोन अंकी संख्येतून दोन अंकी वजा करायची वेळ आली की फासे बाजूला ठेवून वजाबाकीची उदाहरणं लिहिलेल्या चिठ्ठ्या आणा. आता गटातल्या आठ गठ्ठ्यांतून एकाच जोडीने ५३ मांडायचे, दुसरीने लिहायचे, मग अदलाबदल. तपासणीसाठी उदाहरण निवडताना एक काळजी घ्या. ५२ − २७ देऊ नका. ज्या मुलाने मोठ्या अंकातून लहान वजा केला (७ − २, ५ − २) त्याचं उत्तर ३५ येतं, आणि ज्याने हातचा घेतला पण दशकातून एक कमी करायला विसरला त्याचंही ३५ च येतं. वही पाहून चूक कोणती ते कळत नाही. ५३ − २७ द्या. पहिल्या चुकीचं उत्तर ३४, दुसरीचं ३६, आणि बरोबर उत्तर २६. ३४ वाल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून गठ्ठा सोडण्याचा खेळ हवा. ३६ वाल्याला खेळ कळलेला आहे, त्याला फक्त गठ्ठा उचलताक्षणी अंक खोडायची सवय हवी.

३०४ − १२८ सारखी, मध्ये शून्य असलेली उदाहरणं यानंतर काही दिवसांनी घ्या. त्यासाठी दहा गठ्ठे एका सुतळीने बांधून शतकाचा भारा करा. दशकाचा चौकोन रिकामा असल्याने आधी भारा सोडायचा, दहा गठ्ठे दशकात ठेवायचे, मग त्यातला एक सोडायचा: २ भारे, ९ गठ्ठे, १४ सुट्या. शून्याच्या जागी ९ कुठून आला, हे फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी मुलांना पटत नाही. सुतळी सुटताना पाहिली की पटतं. एवढ्या काड्या प्रत्येक गटाला पुरणार नाहीत, म्हणून हा खेळ वर्गाच्या मध्ये एकाच ठिकाणी मांडा, मुलं भोवती गोल बसतील आणि प्रत्येक पायरीला वेगळं मूल उठेल.

काड्या कधी बंद करायच्या? गठ्ठ्यांना हात न लावता मूल 'आता कुठला सोडेन आणि काय उरेल' हे आधी सांगू लागलं, की त्याच्यासाठी बंद. बाकीच्यांसाठी डबा खिडकीत उघडा ठेवा आणि कोणी चाचणीच्या वेळी उठून काड्या घेतल्या तर घेऊ द्या.